उंबरमाळचा संपर्क तुटला

मारुंजी,
८ सप्टेंबर २०२५

आत्या, नमस्कार.

खुशाली शेवटी विचारतो, आधी भांडण. फोनवर भांडायची सोय नाही. तुझ्याकडे रेंज नसते, अर्ध्या वाक्यावर फोन तुटतो आणि दर वेळी तुझाच शब्द शेवटचा ठरतो. म्हणून शंभूच्या दुधाच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतोय. तो रोज तुमच्याकडचं दूध घेऊन मारुंजीत येतो आणि रिकामे कॅन घेऊन परत जातो, त्यात माझा एक कागद मावेल.

गेल्या वर्षी संस्थेच्या एका केंद्रातला कॉम्प्युटर जळाला आणि पाच वर्षांचे केसपेपर गेले, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून अध्यक्ष दादासाहेबांचा हुकूम आहे की प्रत्येक केंद्राच्या कॉम्प्युटरचा बॅकअप इथे मारुंजीच्या ऑफिसात यायलाच हवा. ते काम माझ्या गळ्यात आहे. चार केंद्रं आली. एकच येत नाही, आणि तिथली सिस्टर नेमकी माझी सख्खी आत्या.

तुझ्या तीन कॉम्प्युटरांत मिळून अठ्ठावन्न जीबी माल आहे. केसपेपर, एक्स-रे, साप चावलेल्या पायांचे फोटो. तो सगळा तुमच्या त्या मरतुकड्या इंटरनेटवरून ओढायचा म्हणजे वाटीनं विहीर उपसण्यातला प्रकार. सहा दिवस लागतात. सलग सहा दिवस, आत्या! मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि ऑगस्टपासून ते एकदाही धड दोन दिवस चाललेलं नाही. दुपारचे दोन-अडीच वाजले की माझ्या पडद्यावर लाल अक्षरं येतात: 'उंबरमाळ: संपर्क तुटला.' मी जेवताना फोन उलटा ठेवतो, तरी दर दोन घासांनी सुलटा करून बघतो.

दहा ऑक्टोबरला बैठक आहे. सर्पदंशाच्या लशीचा फ्रीज उंबरमाळला ठेवायचा की उरवड्याला हलवायचा, ते त्या दिवशी ठरणार. उरवड्याला कारखाने आहेत, कामगार आहेत, रस्ता चांगला आहे. तुझ्याकडे दंशाचे रुग्ण किती येतात हे दाखवायला तुझ्याच नोंदी लागतील, आणि त्या तर इथे पोचतच नाहीत. कोण बंद करतं ते कॉम्प्युटर? ज्याचा हात असेल त्याला माझ्या वतीनं एक रट्टा दे. इथून पुढे कॉम्प्युटर बंद करायचे नाहीत म्हणजे नाहीत.

गुडघा कसा आहे?

तुझा,
निरंजन


उंबरमाळ,
११ सप्टेंबर

निरंजन,

तुझं पत्र दुधाच्या वासासकट मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे. तू भांडायला थेट तुझ्या बापावर गेलास. माझा भाऊही असाच आधी ओरडायचा आणि मग 'चहा आहे का' म्हणून विचारायचा.

कॉम्प्युटरचं काय सांगू? इथे हजार भानगडी. तानूबाईची शेरडं व्हरांड्यात शिरतात आणि मिळेल ते चघळतात, परवा एकीच्या तोंडात वायर होती. शिवाय उंदीर. शिवाय दमट हवा, कपाटातल्या पट्ट्यांनाही बुरशी येते. तुटत असेल मध्येच. मी लक्ष ठेवते.

फ्रीज उरवड्याला नेणार हे मात्र दोनदा वाचलं. खरंच बोलणं चाललंय का? इथून उरवडं दीड तास, पावसात दोन. कालच आमचा सावळा धनगर आला. पायाला फुरसं चावलेलं आणि हातात प्लास्टिकच्या बरणीत तेच फुरसं, झाकणाला भोकं पाडून. "बाई, ह्येच बघा, ह्यानंच चावलंय. दुसऱ्या कुनावर आळ नको." मी म्हटलं, "अरे, आधी तू खाली बैस!" डॉक्टर दिशानं लस दिली, आज माणूस चहा पितोय. हे उरवड्याला कसं व्हायचं होतं?

तुझ्या लग्नाचं काय झालं? तुझी आई, नांद्याच्या वहिनी, म्हणाल्या की तू मुलीचा फोटोसुद्धा बघत नाहीस. दिवसभर लाल अक्षरं बघतोस म्हणून का?

आत्या


मारुंजी,
१६ सप्टेंबर

आत्या,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तीन कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा, चारही एकाच मिनिटाला बंद पडतात. एवढी कवायत शिकलेली शेळी असेल तर तिला सर्कशीत घाल.

मी सांगतो काय होतं ते. आपल्या घराण्याची खोड आहे ती. नांद्याला आजी घराबाहेर पडली की आधी मेन स्विच खाली ओढायची, मग कुलूप. लग्नाला निघायचो तर वऱ्हाड अंधारात चपला शोधायचं. तूही दुपारी वामकुक्षीला जाताना तेच करतेस, होय ना? फ्रीजचा तेवढा वेगळा ठेवत असशील.

कारण माझ्या पत्रानंतर बारा तारखेला, शुक्रवारी, एकदाही तुटलं नाही. पहाटेपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सलग चालू होतं. शाबास! म्हणजे मनात आणलं की जमतं. मग तेरापासून पुन्हा तेच.

असो. आता दोन गोष्टी. एक म्हणजे, शंभूबरोबर एक हार्ड डिस्क पाठवतोय. दिशा डॉक्टरला सांग, तिन्ही कॉम्प्युटरवरचं सगळं तिच्यात उतरवून घ्यायला. ती टेम्पोनं इथे आली की पहिला मोठा बॅकअप झाला. मग रोज फक्त त्या दिवशी बदललेलं तेवढंच इंटरनेटनं येईल, सकाळी अर्ध्या तासात. तुमच्या इंटरनेटपेक्षा दुधाचा टेम्पो वेगवान आहे, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, तू काळजी करू नकोस. दादासाहेबांना दर आठवड्याला अहवाल द्यावा लागतो, उंबरमाळ का येत नाही म्हणून. तुझं नाव मी येऊ दिलं नाही. लिहून टाकलं, 'उंबरमाळ येथील वीज अनियमित. रोज सरासरी तीन तास पुरवठा बंद.' तुझ्यावर ठपका नाही, विजेवर आला. वीज काही रागावत नाही.

निरंजन


उंबरमाळ,
१९ सप्टेंबर

निरंजन,

कुणी सांगितलं होतं तुला वीज लिहायला? कुणी? माझं नाव लिहायचंस. शुभांगीबाई झोपाळू आहेत, म्हाताऱ्या झाल्यात, त्यांना कॉम्प्युटर कळत नाही, काय वाटेल ते लिहायचंस. मी निमूट ऐकून घेतलं असतं. जे दोन महिने दडवून ठेवलं, तेच तू सही करून वर पाठवलंस.

आता खरं ऐक. दुपारी वीज जाते, ती दोन-तीन तास येत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे. म्हणजे पूर्ण नाही, अर्धमेली. कॉम्प्युटर आणि इंटरनेट चालू ठेवलं तर ती चाळीस मिनिटांत बसते. नुसता फ्रीज ठेवला तर तीन तास ओढते. आपल्याकडे येते ती पातळ लस, ती दोन ते आठ अंशांतच राहावी लागते. मग वीज गेली की मी काय करते? धावत जाऊन त्या तिन्ही कॉम्प्युटरांचा आणि इंटरनेटचा एकत्र प्लग आहे ना, तो उपटते. वामकुक्षी! अकरा वर्षांत दुपारी पाठ टेकली असेल तर शपथ.

बॅटरी मागितली का नाही, असं विचारशील. फेब्रुवारीत मागितली. उत्तर आलं नाही. मग फ्रीज हलवायची कुजबुज कानावर आली आणि मी तोंड शिवून घेतलं. पुन्हा मागितली असती तर म्हणाले असते, जिथे वीज टिकत नाही तिथे लस कशाला? आता तेच म्हणतील, तुझ्या अहवालावर बोट ठेवून.

तुला माहीत नाही म्हणून लिहिते. सावळा-तानूबाईची थोरली, सोनिया. अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा इथे फ्रीज नव्हता. मी नवीनच आले होते. मण्यार चावली, जीपमध्ये घातलं, माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. ताम्हिणीपासून ती बोलत होती, मग नुसतं बघत होती. पौडच्या अलीकडे बघायची थांबली. तानूबाई शेजारी बसून तिला वारा घालत होती. मी नर्स, मला कळलं होतं, पण पौड येईपर्यंत मी सांगितलं नाही आणि ती वारा घालत राहिली. पुढच्या वर्षी फ्रीज आला. तो इथून जाताना मला बघवणार नाही, निरंजन.

डिस्क पाठवली आहे. हवा दमट म्हणून आंबेमोहोराच्या डब्यात पुरून पाठवलीय. शंभू म्हणाला, "म्याडम, डबा लई जड हाय, दगडं भरल्यात का?" म्हटलं, दहा वर्षं भरलीत, सांभाळून ने. तांदूळ वहिनींना दे.

आत्या


मारुंजी,
२४ सप्टेंबर

आत्या,

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्यानं वाचलं आणि तसाच दादासाहेबांकडे गेलो. म्हटलं, माझा अहवाल मागे घेतो. ते चष्मा काढून म्हणाले, "लिहिलंय ते खरं की खोटं?" मी म्हणालो, खरं. "मग मागे काय घेणार?"

बैठकीच्या विषयपत्रिकेत ते छापून आलंय. 'उंबरमाळ: विजेअभावी लस उरवडे केंद्रात हलवणे.' माझीच ओळ, माझ्याच शब्दांत.

डिस्क व्यवस्थित पोचली. सगळं उतरलं, तिन्ही कॉम्प्युटर. दहा वर्षांत दोनशे बारा दंश, सगळ्यांच्या तारखा, सगळ्यांचे फोटो. सहा दिवसांचं काम टेम्पोनं तीन तासांत केलं. मला आनंद व्हायला हवा होता. नोंदी दादासाहेबांना दाखवल्या, तर म्हणाले, "दंश आहेत हे मान्य. पण तापलेली लस टोचण्यापेक्षा न टोचलेली बरी." कीबोर्डमधून अजून तांदळाचे दाणे निघताहेत.

मला बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठतो, उठलो की पुन्हा पडदा बघतो. तुझं केंद्र तुटलं की आता चीड येत नाही. तू धावतेयस, प्लग उपटतेयस, गुडघा धरून, हे दिसतं. काहीतरी सांग जे मी त्यांच्यापुढे ठेवू शकेन. काहीही.

तुझा,
निरंजन


उंबरमाळ,
२९ सप्टेंबर

निरंजन,

काय सांगू? जे होतं ते पाठवलं. मी रागावले होते, आता राग विझला. तू माझी बाजू राखायला गेलास, माझ्या पोटी मूल असतं तर त्यानंही असाच घोळ घातला असता.

इथलं सांगते. काल, रविवारी, तानूबाईला घोणस चावली. गवत कापत होती, मनगटाला. सावळानं तिला पाठीवर घालून आणली, स्वतःचा पाय अजून सुजलेला. दुपारचे अडीच. वीज नव्हती. मी प्लग उपटलेला होता, फ्रीज उघडला तर आतला गारवा अंगावर आला. डॉक्टर दिशा सुट्टी असून धावत आली. वीस कुप्या लागल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं ते संध्याकाळी थांबलं. मी उशाशी बसले होते. मला तीच जीप आठवत होती आणि तिलाही आठवत असणार. डोळे उघडून म्हणाली, "बाई, तोंड कशापायी पाडलंय? मला मरायला सवड न्हाई. शेरडं कोन राखंल, ह्यो लंगडा?" सावळा पलीकडे भिंतीकडे तोंड करून रडत होता. मीही रडले. लपवत नाही.

मग उठून फ्रीजच्या वहीत आकडा लिहिला, सवयीनं. साडेपाच अंश. दिवसा दर दोन तासांनी लिहिते, फ्रीज आल्या दिवसापासून. वह्यांचा ढीग झालाय, कुणी बघत नाही. उरवड्याला फ्रीज गेला की त्या चुलीत घालेन.

आत्या


मारुंजी,
२ ऑक्टोबर, दसरा

आत्या!

चुलीत घालशील तर याद राख! दर दोन तासांनी? दहा वर्षं? आणि हे तू पत्राच्या शेवटी, तेही चुलीसाठी लिहितेस?

अगं, दादासाहेब म्हणतात वीज नाही म्हणजे लस तापते. वीज कधी नव्हती ते माझ्याकडे आहे, मिनिटासकट. ऑगस्टपासून तुझं केंद्र एक्केचाळीस वेळा तुटलं. त्या त्या वेळी फ्रीज किती थंड होता ते तुझ्या वहीत आहे. दोन्ही शेजारी ठेवले की झालं. सगळ्या वह्या शंभूबरोबर पाठव. उद्याच.

सोनं म्हणून आपट्याचं पान पाठवतोय. तानूबाईलाही दे.

निरंजन


उंबरमाळ,
५ ऑक्टोबर

निरंजन,

वह्या पाठवणार नाही. तूच शिकवलंस ना, नक्कल नसलेली वस्तू हलवायची नाही म्हणून? या वह्यांची नक्कल कुठेही नाही. टेम्पोत दुधाचा एक कॅन लवंडला की दहा वर्षं पातेल्यात. फोटो काढून पाठवावेत तर तुझं ते इंटरनेट. तीन फोटोंतच हरि हरि म्हणायला लागलं.

तेव्हा तुझंच तंत्र वापरलं. सगळं नाही पाठवायचं, लागेल तेवढंच पाठवायचं. शंभूला चिठ्ठी देऊन तुझ्या एक्केचाळीस तारखा मागवल्या, त्या काल आल्या. काल-आज दोन्ही दुपारी बसून त्यांच्यासमोर वहीतला आकडा माझ्या अक्षरात उतरवलाय. डॉक्टर दिशानं वहीशी ताडून खाली सही केली आहे. सगळे आठच्या आत.

तू एक्केचाळीस मागितलेस, मी बेचाळीस पाठवतेय. शेवटची ओळ तू विचारलेली नाहीस. बारा सप्टेंबर, दुपारी चार. साडेनऊ अंश.

त्या दिवशी तू शाबास म्हणालास. तुझं पहिलं पत्र आलेलं, बंद करायचे नाहीत म्हणजे नाहीत. वाटलं, पोराची नोकरी आहे, आणि नोंदी पोचल्या नाहीत तर फ्रीज जाणार असंही तूच लिहिलेलं. म्हणून वीज गेली तरी प्लग काढला नाही. बॅटरी बसत आली तेव्हा घाबरून फ्रीजचीच वायर काढली आणि तुझे कॉम्प्युटर कसेबसे चालू ठेवले, वीज येईपर्यंत. फ्रीज तापला. त्यातल्या कुप्या मी बाजूला काढल्या, दिशाला सांगितलं, तिनं परत पाठवून नव्या मागवल्या. कुणाला टोचल्या नाहीत. पण माझ्या हातून झालं ते झालं.

ही ओळ खोडू नकोस. वही खोटी बोलली की सगळेच आकडे खोटे.

आत्या


मारुंजी,
११ ऑक्टोबर

आत्या,

आधी कबुली देतो. तुझ्या कागदाला मी नऊ तारखेपर्यंत तीनदा घडी घातली, शेवटची ओळ मागे जाईल अशी. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस, किती देखणं दिसत होतं. बेचाळिसावी दाखवली तर दादासाहेब तीच धरून बसणार असं वाटत होतं. बैठकीच्या दारापर्यंत घडी तशीच होती. आत गेल्यावर उघडली. का ते नीट सांगता येत नाही. नांद्याला आईकडे त्या सकाळी तुझ्याच तांदळाचा भात खाल्ला होता.

एक बाजू मी वाचली, दुसरी दादासाहेबांनी स्वतः वाचली. मी म्हणायचो, "तीन ऑगस्ट, दोन वाजून दहा मिनिटं, संपर्क तुटला." ते म्हणायचे, "चार वाजता, सहा अंश." मी, "संपर्क तुटला." ते, "पाच अंश." दहा-बारा ओळींनंतर बाकीचे लोक मोबाइल ठेवून ऐकायला लागले. तानूबाईच्या रविवारपाशी मी थांबून तिचं सांगितलं. मग शेवटची ओळ आली. दादासाहेब म्हणाले, "साडेनऊ. आणि तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "माझ्याकडे काही नाही. त्या दिवशी संपर्क तुटला नाही."

त्यांनी बोट ठेवून ती तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे आपला बॅकअप नीट चालला त्या एकाच दिवशी लस बिघडली." मी सांगितलं की त्या दिवशी मी आत्याला दटावलं होतं.

फ्रीज उंबरमाळलाच राहणार. आत्या, राहणार! नवी बॅटरी मंजूर झाली, पण कोटेशनं वगैरे होऊन दिवाळीनंतर येईल. फेब्रुवारीतला तुझा अर्ज कुणाच्या तरी टेबलाखाली सापडला. तुझा तो हातानं लिहिलेला कागद दादासाहेबांनी परत दिला नाही, स्वतःच्या कपाटात ठेवला.

बॅकअप आता मी सकाळी सहाला लावलाय, अर्ध्या तासात आटोपतो. दुपारी तू काहीही उपट.

तुझा,
निरंजन


उंबरमाळ,
१५ ऑक्टोबर

निरंजन,

पत्र तानूबाईला वाचून दाखवलं. तिनं मनगटाची पट्टी खाजवत ऐकलं आणि म्हणाली, "त्या पोराला म्हनावं, हिकडं ये, बकरू कापते." मी म्हटलं, आधी त्याला मुलीचा फोटो बघू दे.

काल दुपारी दोन पंचविसला वीज गेली. मी प्लग काढला. साडेचारला लावला, फ्रीजमध्ये साडेपाच. वहीत लिहिलं, आणि आता शेजारी दुसरी वही ठेवलीय, तिच्यातही तेच लिहिते.

बॅटरी येईपर्यंत तुझ्या पडद्यावर दुपारी ती लाल अक्षरं येत राहतील. जेवण टाकून उठू नकोस. उंबरमाळचा संपर्क तुटला असं दिसलं, की समज, इकडे सगळं ठीक आहे.

आत्या